एकशेदहा पुढच्या सत्रात

नोव्हेंबरचा दुसरा आठवडा आला की वर्लीनबाईंच्या दारावर एक तक्ता लागायचा आणि शेजारी दोरीला बांधलेली पेन्सिल. तक्त्यात पंधरा-पंधरा मिनिटांचे चौकोन. पुढच्या सत्राचे विषय ज्याला घ्यायचेत त्याने चौकोनात नाव लिहायचं, वेळेवर यायचं, बशीतली बटरस्कॉचची गोळी उचलायची आणि बाईंकडून आपलं कुलूप उघडून घ्यायचं. कुलूप म्हणजे संगणकावर प्रत्येकाच्या नावापुढे असलेली तांबडी खूण. सल्लागाराशी बोलल्याशिवाय ती जात नाही, आणि ती गेल्याशिवाय एकही विषय घेता येत नाही. ऑलबर्नच्या विद्यापीठात कम्युनिकेशन शिकणारी तीनशे दहा पोरं होती, आणि सगळ्यांची किल्ली एकट्या वर्लीन होस्टेटलरबाईंकडे. सव्वीस वर्षं.

दार कधी पुरतं लागायचं नाही. त्यामुळे बाहेर भिंतीला टेकून, पाय पसरून बसलेल्या पोरांना आतलं सगळं फुकटात ऐकू यायचं.

"मला असं काहीतरी हवंय? म्हणजे माणसांशी संबंधित?" एक मुलगी म्हणायची. तिच्या प्रत्येक वाक्याचं शेपूट मांजरीसारखं वर. "पण ज्यात माणसांशी बोलायला लागणार नाही?"

"लेखन," बाई म्हणायच्या. "दोनशे वीस. मंगळवार-गुरुवार. पुढचा!"

पुढचा म्हणजे फुटबॉलच्या संघातला एक डोंगर. खुर्ची आधी कण्हायची, मग तो बोलायचा.

"सोपं."

"सोपं काय?"

"जे असेल ते."

"सकाळी आठचं एक आहे."

डोंगर विचारात पडायचा. "आठ सकाळी पण वाजतात?"

मध्येच फोन. फोनवर कोणाची तरी आई. "मिसेस होस्टेटलर, आम्ही जाहिरात हा विषय घ्यायचं ठरवलंय."

"आम्ही म्हणजे?"

"मी आणि केन्झी." मागून केन्झीचा आवाज: "मी काही ठरवलं नाहीये, आई!"

आणि या सगळ्यात बाईंची एक खासियत. समोरच्याचं वाक्य अर्ध्यावर आलं की उरलेलं अर्धं त्या स्वतःच म्हणून टाकायच्या. "मिसेस एच., माझं ना, रूममेटशी…" "पटत नाही, ती पहाटेपर्यंत खिदळत बसते, तुला झोप मिळत नाही, म्हणून दुपारचे वर्ग हवेत. दिले." पोरगी तोंडाचा चंबू करून बाहेर यायची आणि सगळ्यांना सांगायची, मिसेस एच.ला मनातलं कळतं. काम झालं की बाई दोन्ही गुडघ्यांवर फाटकन हात मारायच्या, "बरं तर!" म्हणायच्या. हा त्या मुलखातला निरोप. गुडघ्यांवर हात पडले की पाहुणा उठला नाही तर तो परमुलखातला समजायचा.

ही वाक्यं पुरी करायची सवय घरची. नेब्रास्कात मक्याच्या शेतांमध्ये धान्याची एक उंच कोठी, एक चर्च आणि चाळीस घरं, एवढ्या गावात त्या वाढल्या. वडील बियाणं विकायचे. फार सावकाश बोलायचे. "या वर्षी पाऊस…" एवढं म्हणून चमचा सूपमध्ये ठेवायचे, तोवर आई म्हणून मोकळी व्हायची, "उशिराच येणार, हो, आणि तुम्ही छपराचं काम काढणार नाही, माहितीये मला." वडिलांनी स्वतः संपवलेलं एकही वाक्य वर्लीनबाईंना आठवत नव्हतं. त्यांना तेव्हा ते प्रेमच वाटायचं. होतंही बहुधा.

पुढे त्याच विद्यापीठात त्या कम्युनिकेशनच शिकल्या आणि सहा वर्षं गावच्या रेडिओवर मक्याचे न् डुकरांचे भाव वाचत होत्या. आवाज असा, की डुक्कर तीन सेंटांनी उतरलं तरी शेतकऱ्याला वाटायचं, कुणीतरी आपली विचारपूस करतंय. तिथल्या बुजुर्गाने त्यांना पहिल्याच दिवशी बजावलं होतं: "पोरी, रेडिओवर चूक चालते, खोकला चालतो. शांतता चालत नाही. तीन सेकंद आवाज नाही आला की माणूस खुंटी फिरवून दुसरीकडे जातो." पुढे ते केंद्र बंद पडलं. बाई विद्यापीठात आल्या, पण तीन सेकंद काही अंगातून गेले नाहीत.

सल्लागार म्हणून त्यांचा एकच नियम दगडावरची रेघ होता. विषय क्रमांक एकशेदहा, सभेत भाषण करणं, पहिल्याच सत्रात घ्यायचा. सगळ्यांना सक्तीचा, आणि सगळी पोरं त्याला भ्यायची. लोकांसमोर उभं राहायचं, पाच मिनिटं बोलायचं, ते पण पाच वेळा. "नंतर घेते ना, मिसेस एच.," असं पोरगी रडवेल्या आवाजात म्हणायची. बाई म्हणायच्या, "एकशेदहा म्हणजे किडलेली दाढ. आज उपटलीस तर उद्या जेवशील." आणि पेन्सिलीने तिच्या पिवळ्या कागदावर पहिल्या चौकोनात लिहायच्या, ११०. संगणक आला, त्यात सगळ्यांचे हिशेब आले, तरी बाईंनी प्रत्येक पोराचा पिवळा कागद सोडला नाही. आठ सत्रांचे आठ चौकोन, पेन्सिलीने भरलेले.

तो नियम त्यांनी सव्वीस वर्षांत एकदाच मोडला. एमेट सोरेनसनसाठी.

ऑगस्टातली दुपार होती. दारात एक उंच, कणसासारख्या रंगाच्या केसांचा पोरगा उभा. बाईंनी विचारलं, "नाव काय, राजा?"

पोराने डोळे मिटले. हनुवटी किंचित वर गेली. शब्द गळ्यापर्यंत आलेला दिसत होता, पण तिथे अडून राहिला. दार ढकलायचं की ओढायचं हे न कळलेला माणूस दाराशी उभा राहतो तसा. एक सेकंद. दोन.

"सोरेनसन, एमेट?" बाईंनी यादीवरून वाचलं. "हो ना?"

पोराने डोळे उघडले, मान हलवली आणि एवढं मोठं हसला, की बाईंचं काळीज लोण्यासारखं विरघळलं. त्याला आवाज आवडायचे, म्हणून या विषयाला आला होता. हे त्याने सांगितलं नाही, "मला आ…" एवढंच म्हणाला, उरलेलं बाईंनी ओळखलं. त्यात त्या चुकल्या नाहीत. मग पिवळ्या कागदाच्या पहिल्या चौकोनावर पेन्सिल टेकली आणि थांबली.

"एकशेदहा पुढच्या सत्रात बघू," त्या म्हणाल्या. "आणि बोलण्याच्या अडचणीचं ते एक वेगळं कार्यालय आहे, तिथे नाव घालायला सांगतील तुला. काही गरज नाही. मी आहे ना."

एमेट काहीतरी म्हणणार होता. बाईंनी गुडघ्यांवर हात मारले. "बरं तर!"

पुढची वर्षं तो तळघरातल्या ध्वनिकक्षात राहायलाच गेला म्हणा. कानावर मोठे हेडफोन, समोर पडद्यावर आवाजाच्या दातेरी रेघा, आणि हा त्यातून लोकांचं खाकरणं, चाचरणं, श्वास निवडून काढतोय, तांदळातून खडे काढावेत तसे. फुटबॉलच्या प्रशिक्षकाची मुलाखत त्याने अशी साफ केली, की प्रशिक्षकाच्या बायकोने फोन करून विचारलं, हा कोण सभ्य माणूस बोलतोय? काढलेले 'अं' मात्र त्याने फेकले नव्हते. सगळे एकापुढे एक जोडून ठेवले होते, आणि एकदा बाईंना ऐकवले. चार मिनिटं बारा सेकंद नुसतं "अं… अंअं… अं, म्हणजे… अं." वेगवेगळ्या पट्टीतलं. मध्ये कुलगुरूंचा एक 'अं' असा लांब, की बाई हसून हसून टेबलावर पडल्या. एमेटही हसला. हसताना तो कुठेच अडत नसे.

"अरे, तू हे रेडिओवर लावशील!" बाई डोळे पुसत म्हणाल्या. सत्राच्या शेवटी कागदावर मात्र तेच: ११० पुढच्या सत्रात. पुसायचं, पुढच्या चौकोनात लिहायचं. तिथला कागद खरवडून पातळ झाला होता.

तिसऱ्या वर्षीच्या नोव्हेंबरात तो आला, खुर्चीत बसला, गोळी घेतली नाही.

"मिसेस एच., मला या वेळी एकशेदहा…"

डोळे मिटले. हनुवटी वर गेली.

"पुढच्या सत्रात," बाई म्हणाल्या. "लिहिलं पण मी, हे बघ. उगाच काळजी करत येतोस."

एमेटने डोळे उघडले आणि त्या कागदाकडे बघत राहिला. चेहऱ्यावर काहीतरी हललं आणि बसलं. त्याने मान हलवली. बाहेर अकरा जण रांगेत होते. फाटकन. "बरं तर!"

शेवटचं वर्ष लागलं त्या उन्हाळ्यात विद्यापीठाने कात्री काढली. पोरांची संख्या घटत होती, राज्याने हात आखडला होता. कम्युनिकेशनच्या चार शिक्षकांना पत्रं गेली, की तुमची गरज उरली नाही. विभागप्रमुख डॉ. फिचबाई बैठकीत दोन्ही हातांची दोन-दोन बोटं हवेत अवतरणचिन्हांसारखी खुडत म्हणाल्या, "आपण बंद 'पडत' नाही आहोत. आपण 'सुटसुटीत' होतोय." त्या सुटसुटीतपणात एकशेदहाचे नऊ वर्ग होते, ते दोन झाले.

नोव्हेंबरात जानेवारीपासूनच्या वसंत सत्राचं वेळापत्रक आलं आणि वर्लीनबाईंनी आधी एकशेदहा शोधलं. एकशेदहाचा एक वर्ग सोमवार-बुधवार दहाला, म्हणजे नेमका चारशेनव्वदच्या डोक्यावर. चारशेनव्वद हा शेवटच्या वर्षाचा प्रकल्प, वर्षातून एकदाच, त्याशिवाय पदवी नाही. दुसरा वर्ग फक्त पहिल्या वर्षाच्या पोरांसाठी राखलेला. उन्हाळ्यात एकही नाही.

आणि एमेटच्या खिशात ओमाहातल्या एका रेडिओ केंद्राचं पत्र होतं. ध्वनिसंपादक, एक जूनपासून. अट एकच: मे महिन्यात पदवी हातात हवी. त्या केंद्राला गावोगावांतून ढीगभर अर्ज आले होते, थांबणार कोण?

बाई डॉ. फिचकडे धावल्या. "पहिल्या वर्षाच्या वर्गात एक खुर्ची. एकच."

"वर्लीन, एकाला 'अपवाद' केला की चाळीस येतात. डीनचा हुकूम आहे. समितीकडे अर्ज करा."

समितीचा नियम जुना होता: अर्ज विद्यार्थ्याचा, म्हणून विद्यार्थ्याने समोर येऊन, स्वतःच्या तोंडाने कारण सांगायचं. सल्लागाराने हवं तर शेजारी बसावं. अर्ज बाईंनीच भरला. 'विनंती' या ओळीपुढे त्यांनी लिहिलं, "एकशेदहा या विषयातून सूट." सही करायला एमेट आला तेव्हा तो ती ओळ बोटाने दाखवत म्हणाला, "मिसेस एच., हे… मी…"

"तू काही बोलायचं नाहीस, राजा. मी बोलते. तू फक्त सही कर."

तो तसाच उभा राहिला. मग त्याने सही केली, म्हणाला, "पण तिथे मी ब… बोलेन."

"हो हो," बाई म्हणाल्या आणि पुढच्याला हाक मारली.

जानेवारीतला शुक्रवार. बाहेर वारा असा, की झेंड्याची दोरी खांबावर ठणठण आपटत होती. खोलीत लांब टेबल, त्यामागे तिघं. मध्ये सहयोगी डीन व्हिटलॉक. या माणसाचा आवाज दवाखान्यातल्यासारखा. हळू, गुळगुळीत, जणू पलीकडच्या खाटेवर कुणी झोपलंय. डावीकडे गणिताचे एक प्राध्यापक, संत्रं सोलत होते आणि साल एका लांब फितीत निघावी म्हणून सगळा जीव त्यात ओतला होता. उजवीकडे नोंदी लिहिणारी बाई.

"एमेट," डीन म्हणाले, "आपण सगळे इथे एकाच बाजूचे आहोत. तुझ्या शब्दांत सांग. काही घाई नाही." आणि मनगटावरच्या घड्याळाकडे बघितलं.

एमेटने नवा सदरा घातला होता. खिशापाशी हात नेला, परत खाली आणला. पाठ ताठ केली.

"माझं नाव एमेट सोरेनसन," तो म्हणाला. न अडता. वर्लीनबाईंनी चमकून त्याच्याकडे बघितलं. चार वर्षांत त्याचं नाव त्याच्या तोंडून त्यांनी ऐकलं नव्हतं. "मला एकशेदहातून सूट…"

आणि अडला. डोळे मिटले. हनुवटी वर.

दोरी खांबावर आपटली. गणिताच्या प्राध्यापकांची फीत तुटली. एक सेकंद. दोन. तीन. डीनने पेन उचललं, त्याचं टोपण काढलं, बसवलं. वर्लीनबाईंच्या छातीत कुणीतरी खुंटी फिरवायला लागलं.

"हवी आहे," त्या म्हणाल्या. "सूट हवी आहे त्याला. लोकांसमोर बोलायची फार भीती वाटते, सर. लहानपणापासून."

एमेटने डोळे उघडले. तोंड तसंच उघडं. मग मिटलं.

"बरोबर का, एमेट?" डीननी विचारलं.

त्याने बाईंकडे बघितलं, बराच वेळ. त्याला पुन्हा पहिल्यापासून चढायचं होतं आणि घाट तोच होता. त्याने खाली बघितलं. मान हलली, होकाराला, का नुसतीच, ते नोंदी लिहिणाऱ्या बाईला कळलं नाही. तिने होकार लिहिला.

"भीती आम्हा सगळ्यांनाच वाटते," डीन हळुवार म्हणाले. "आणि कम्युनिकेशनच्या पदवीत बोलण्यातूनच सूट… बोलण्याच्या अडचणीच्या कार्यालयात याच्या नावाची नोंदही नाही. मला मनापासून वाईट वाटतं."

नामंजूर. सहा मिनिटं लागली.

बाहेरच्या बोळात एमेटने खिशातून घडी घातलेला कागद काढून बाईंच्या हातात दिला. प्लम क्रीकचं कॉलेज, तीस मैलांवरचं, दोन वर्षांचं. विषय: सभेत भाषण. दर शनिवारी नऊ ते बारा. पुढच्या आठवड्यापासून सुरू, एप्रिलअखेर संपणार. खाली एमेटचं नाव, जागा राखलेली. शेवटच्या वर्षात एखादा विषय बाहेर घ्यायचा तर समितीची परवानगी लागते, ती तिथे पाचच्या आत दाखवायची. आज पाचच्या.

बाईंनी दोनदा वाचलं.

"म्हणजे तुला सूट…"

या वेळी त्या थांबल्या. एमेटला वेळ लागला. बोळातून दोन मुली गेल्या, पाण्याच्या नळाने घरघर केली.

"नको होती," तो म्हणाला. "प… परवानगी हवी होती."

"अरे, मग मला चिठ्ठी लिहायची! मेल करायचा! मी अर्जावर तेच…"

"चार वर्षं लि… लिहूनच देतोय, मिसेस एच." त्याचा आवाज चढला नव्हता. "हे मला म्ह… म्हणायचं होतं. आठ दिवस खाली तळघरात म्हणत होतो. 'नको' वर अडतो मी. माहीत होतं. अडतो आणि म… मग सुटतो. पाच सेकंद लागतात. मोजलेत."

बाईंनी कागदावरच्या त्याच्या नावावर बोट ठेवलं.

"तिसऱ्या वर्षीही," तो म्हणाला, "घ्यायचंच होतं."

त्याने त्यांच्या हातातून कागद परत घेतला, नीट घडी केली आणि जिन्याकडे गेला. वर्लीनबाई उलट्या पावली खोलीत धावल्या. खोलीत कुणी नव्हतं. टेबलावर संत्र्याची साल. डीनच्या कचेरीतल्या मुलीने नियमावली उघडून वाचून दाखवलं, अगदी शाळेत धडा वाचतात तसं: "एका सत्रात. एका विद्यार्थ्याचा. एकच अर्ज." बाई अडून बसल्या तेव्हा तिने डीनना फोन लावून दिला. ते गाडीत होते.

"वर्लीन, तुम्ही स्वतःच म्हणालात, त्याला सूट हवी. नोंदीत आहे."

"मी चुकीचं म्हणाले."

"मग तो का नाही बोलला?"

पलीकडे गाडीच्या इंडिकेटरची टिकटिक ऐकू येत होती.

पाच वाजले.

त्यानंतरच्या सोमवारी खाणावळीत राजम्याचं तिखट कालवण आणि दालचिनीचा गोड रोल होता. ही जोडी त्या मुलखात थंडीत ठरलेली. रोल कालवणात बुडवून खायचा. वर्लीनबाईंनी रोल बुडवला आणि तसाच धरून बसल्या. त्यांना लाइल आठवत होता, त्यांचा नवरा. शेवटच्या दिवसांत दवाखान्यात एकदा त्याने त्यांचं मनगट धरलं होतं. "वर्लीन, मला…" म्हणाला होता. त्या लगेच म्हणाल्या होत्या, "पाणी हवंय ना?" त्याने थोडा वेळ बघितलं आणि मान हलवली. त्या पाणी घेऊन आल्या. तो प्यायला. त्या नऊ वर्षं स्वतःला सांगत आल्या होत्या, शेवटी मी त्याला पाणी पाजलं.

रोल भिजून कालवणात पडला. शेजारच्या टेबलावरून डॉ. फिच म्हणाल्या, "वर्लीन, तुम्ही 'ठीक' आहात ना?" आणि दोन्ही हातांत ताट असल्यामुळे त्यांना बोटं खुडता आली नाहीत.

एमेटने चारशेनव्वदचा प्रकल्प केला. उत्तम केला, सगळे म्हणाले. ओमाहाच्या केंद्राला त्याने कळवलं, त्यांनी दुसरं माणूस घेतलं. मे महिन्यात पदवीदानाला नावं दर वर्षीप्रमाणे वर्लीनबाईंनीच वाचली. आवाज त्यांचा, दुसरं कोण वाचणार? केन्झीच्या आईने टाळ्या वाजवल्या, डोंगराने मंचावर टोपी उडवली. एस अक्षर आलं आणि गेलं. एकच विषय राहिलेला पोरगा तेव्हा दीडशे मैल लांब, काकाच्या धान्यकोठीवर वजनकाट्याच्या खोपट्यात बसला होता. ट्रक येतो, काट्यावर चढतो, काचेमागून चिठ्ठी सरकवायची, ट्रक जातो. तिथे बोलायचं काम नाही.

जूनमध्ये बाईंनी एक गोष्ट केली, जी गेल्या नोव्हेंबरात करायला हवी होती. डॉ. फिचच्या दाराशी सलग चार दिवस उभ्या राहिल्या आणि ऑगस्टच्या एकशेदहात एक खुर्ची मिळवली. त्याच्या नावापुढचं कुलूप त्यांनी स्वतः उघडलं. नवा पिवळा कागद घेतला, त्यावर एकच चौकोन काढला. एमेटला मेल केला. मग दुसरा केला. उत्तर आलं नाही. वर्ग सुरू व्हायला सहा दिवस उरले तेव्हा त्यांनी कोठीवर फोन लावला.

फोन उचलला गेला. मागे पंख्यांची घरघर, ट्रकचा हॉर्न.

"एमेट?"

कुणी काही बोललं नाही.

"एमेट, मी वर्लीन. एकशेदहात तुझी जागा ठेवलीय. मंगळवार-गुरुवार, दुपारी दोन. तू म्हणशील तर…" आणि त्यांनी दातांखाली जीभ धरली. "येशील का? एवढंच विचारायचं होतं. तू सांग."

एक सेकंद. दोन. तीन.

बाईंनी डोळे मिटले. चार. तो अडलाय. हनुवटी वर गेली असेल. पाच. आता सुटेल. मोजलेत त्याने. सहा. पंखे चालूच होते. कुणीतरी लांबवर धातूचं दार सरकवलं. दहा. वीस. तो पलीकडे एखाद्या शब्दाशी झटत होता, की फोन टेबलावर उलटा ठेवून ट्रकचं वजन करायला गेला होता, हे आवाजावरून कळायला मार्ग नव्हता. आणि ज्याला कळलं असतं असा एकच माणूस त्यांच्या ओळखीचा होता. "नाही" म्हणत होता का? तेही त्यांनी म्हणून द्यायचं नव्हतं. बाईंनी फोन कानाला घट्ट दाबला. ओठ मिटलेले ठेवले. थांबल्या.

दारावर टकटक झाली. नवीन सत्रातली एक मुलगी डोकावली, प्रत्येक वाक्याचं शेपूट वर.

"मिसेस एच.? माझं कुलूप? नंतर येऊ का?"

बाईंनी तिच्याकडे बघितलं, पण उत्तर दिलं नाही. मुलगी थोडा वेळ उभी राहिली, मग बशीतली एक गोळी उचलून निघून गेली. कानात पंखे घरघरत होते. मुलगी जाताना दार ओढून गेली होती आणि ते, इतक्या वर्षांत पहिल्यांदा, पुरतं लागलं.